एलिझाबेथकालीन सूडनाट्य: महत्त्वाकांक्षा, सूड आणि मनाची टोचणी

एलिझाबेथकालीन सूडनाट्य हा इंग्लिश शोकांतिकेचा एक प्रकार. पहिली एलिझाबेथ राणी गादीवर असताना (१५५८ ते १६०३) तो लंडनमध्ये रुजला आणि तिच्या राज्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत तुफान चालला. साधारण गोष्ट अशी की कुणीतरी सत्तेच्या हावेपायी खून पाडतो, मेलेल्याचा बाप नाहीतर मुलगा सूड घ्यायला उठतो, मधे भूत येतं, वेड येतं किंवा वेडाचं सोंग येतं, नाटकातलं नाटक होतं आणि शेवटी स्टेजवर प्रेतांचा खच पडतो. वरवर बघितलं तर नुसता रक्तपात वाटतो, पण या नाटकांचा खरा जीव अपराधीपणात आहे, आणि तोही फक्त खुन्याच्या नाही, कारण सूड घेणारा माणूस हळूहळू ज्याला मारायचंय त्याच्यासारखाच होत जातो आणि त्याचे हातही निर्दोष माणसाच्या रक्ताने भरतात.

मूळ सापडतं रोमन नाटककार सेनेकाकडे. भावाला त्याच्याच मुलांचं मांस जेवायला घालणारा राजा, भुतं, लांबलचक भाषणं हे सगळं त्याचंच, आणि १५८१ साली त्याच्या नावावरच्या दहा शोकांतिका इंग्लिशमध्ये एकत्र छापून आल्या. त्याआधी १५६१ च्या नाताळात वकिलांच्या इनर टेंपलमध्ये ‘गॉर्बोडक’ झालं होतं, दोन मुलांत राज्य वाटून देणाऱ्या राजाची गोष्ट, पण त्यात मारामारी सगळी पडद्यामागे आणि निरोप्या येऊन सांगणार. पुढे १५७६ ला शोरडिचमध्ये जेम्स बर्बेजने ‘द थिएटर’ बांधलं, १५८७ ला नदीपलीकडे ‘रोझ’ उभं राहिलं, एक पेनी देऊन उभ्याने नाटक बघणारी गर्दी यायला लागली आणि या गर्दीला निरोप्या नको होता, डोळ्यांनी बघायचं होतं.

सूड हा विषय तेव्हाच्या लोकांना एवढा का भिडला? कायदा आणि चर्च दोघंही सांगत होते की सूड तुझं काम नाही, शिक्षा द्यायची ती देवाने किंवा राजाने. पण खुनी राजाच्याच घरातला असला तर न्याय मागायचा कुणाकडे, कुंपणच शेत खातंय तिथे. शिवाय सरकार स्वतःच दोन्हीकडून बोलत होतं. १५८४ साली राणीच्या जिवाला धोका म्हणून बॉंड ऑफ असोसिएशन नावाचा करार निघाला, त्यावर सह्या करणाऱ्यांनी शपथ घेतली की राणीवर कोणी हात उचलला तर त्याला तर मारूच, पण ज्याच्या फायद्यासाठी उचलला त्यालाही सोडणार नाही. म्हणजे सूड पाप आहे आणि राणीसाठी घेतला तर निष्ठा आहे, आणि प्रेक्षक हे दोन्ही मनात घेऊन नाटकाला येत होते.

या प्रकाराचा पाया घातला तो थॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ने, लिहिलं गेलं बहुतेक १५८० च्या दशकाच्या शेवटी, छापलं गेलं १५९२ च्या सुमारास. माझ्या मते ‘हॅम्लेट’च्या सावलीत या नाटकावर फार अन्याय झालाय. स्पेन आणि पोर्तुगालची सोयरीक जुळवून मोठं व्हायचं म्हणून लोरेंझो हा राजाचा पुतण्या आपल्या बहिणीच्या प्रियकराला, होरेशिओला, बागेतल्या मांडवात फासावर लटकवतो. किंकाळी ऐकून म्हातारा हिरॉनिमो अंगातल्या झोपायच्या सदऱ्यावरच धावत येतो, कुणीतरी लटकतंय म्हणून दोर कापतो आणि खाली उतरवल्यावर बघतो तर आपलाच पोरगा. नाटक दुपारच्या लख्ख उजेडात व्हायचं हे लक्षात घ्या, म्हणजे ही काळोखी रात्र नटाने नुसत्या आवाजातून उभी करायची. तो पोराच्या रक्तात एक रुमाल भिजवतो आणि ठरवतो की सूड घेईपर्यंत रुमाल टाकणार नाही आणि पोराला पुरणार नाही.

आता हा हिरॉनिमो कोण, तर राजाचा न्यायाधीश! लोक अर्ज घेऊन त्याच्याकडे येतात, त्याला स्वतःला मात्र राजापर्यंत पोचू देत नाहीत. एक म्हातारा आपल्या खून झालेल्या मुलासाठी न्याय मागायला येतो, हिरॉनिमो त्याचे डोळे पुसायला रुमाल काढतो तर हातात येतो तो रक्ताचाच, आणि मग हा न्यायाधीश लोकांचे कागद दातांनी फाडून टाकतो. कायद्यावरचा माणसाचा विश्वास उडतो तो क्षण यापेक्षा नीट दाखवलेला मला कुठे सापडला नाही. शेवटी लग्नाच्या समारंभात तो खुन्यांनाच घेऊन नाटक बसवतो, त्यात खऱ्या सुऱ्याने खरे खून होतात, राजा आणि दरबारी टाळ्या वाजवत असतात, मग पडद्यामागून पोराचं प्रेत पुढे आणतो. स्वतःची जीभ तोडतो आणि कबुलीजबाब लिहायला लेखणी तासायचीय असं खुणेने सांगून चाकू मागतो, त्याने लोरेंझोच्या बापाला, ज्याने काहीच केलेलं नाही अशा माणसाला, भोसकतो आणि मग स्वतःला.

महत्त्वाकांक्षेची बाजू उचलली ती क्रिस्टोफर मार्लोने. त्याचा तैमूरलंग धनगराचा जगज्जेता होतो आणि त्याला कसलाच पश्चात्ताप नाही, पण डॉक्टर फॉस्टस ज्ञानाच्या आणि ताकदीच्या हव्यासापायी २४ वर्षांसाठी आत्मा विकतो आणि शेवटच्या तासाला घड्याळाचे ठोके पडत असताना तडफडतो, त्याला देवाकडे हात उचलायचे असतात पण भुतांनी हात धरलेत असं त्याला वाटतं. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड आधी प्रेक्षकाशी मजेत बोलत खून पाडत जातो आणि बॉसवर्थच्या लढाईआधीच्या रात्री मारलेल्यांची भुतं रांगेने येऊन गेल्यावर दचकून उठतो, स्वतःशीच भांडतो. त्या क्षणी त्याला शिक्षा करायला बाहेरचं कुणी लागत नाही.

‘हॅम्लेट’मध्ये (१६०० च्या आसपास) महत्त्वाकांक्षा, सूड आणि अपराधीपणा या तिन्ही गोष्टी एकाच प्रवेशात भेटतात. भावाला विष घालून राजा झालेला क्लॉडियस एकटा प्रार्थनेला बसतो, माफी मागायचीय, पण ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती महत्त्वाकांक्षा आणि ती राणी अजून आपल्याकडेच आहेत, मग माफी कशी मिळणार हे त्याला स्वच्छ कळतं. मागे हॅम्लेट तलवार घेऊन उभा, आणि प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल म्हणून थांबतो. म्हणजे नुसता जीव घेऊन भागत नाही, त्याला आत्माही नरकात पाठवायचाय, आणि इथे सूड घेणारा खुन्याच्या पुढे गेलेला असतो. लगेच पुढच्या प्रवेशात तो पडद्याआड लपलेल्या पोलोनियस या दरबाऱ्याला राजा समजून मारतो आणि पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस सूड घ्यायला परत येतो, आता हॅम्लेटच कुणाच्यातरी बापाचा खुनी झालाय.

नाटक बघून गुन्हेगार कबूल होतो हा हॅम्लेटचा विश्वास तेव्हा लोकांमध्येही होता. १५९९ ला छापलेल्या ‘अ वॉर्निंग फॉर फेअर विमेन’मध्ये एक किस्सा येतो, नॉर्फोकमधल्या लिन गावी नवऱ्याचा खून केलेल्या एका बाईने स्टेजवर तसलाच खून बघितला आणि तिथेच ओरडून गुन्हा कबूल केला. नाटक हे पाप आहे म्हणणाऱ्या प्युरिटन मंडळींना नाटकवाल्यांकडून असंच उत्तर जायचं.

‘मॅकबेथ’ (१६०६ च्या सुमारास) काटेकोरपणे बघितलं तर एलिझाबेथनंतरचं, पहिल्या जेम्सच्या काळातलं, पण अपराधीपणाची ही वाट तिथेच सगळ्यात खोल जाते, लेडी मॅकबेथ झोपेत चालत हात चोळत राहते आणि नसलेला डाग निघत नाही.

मराठीत हे सगळं आलं ते मुख्यतः शेक्सपिअरच्या वाटेने. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ (१८८३) केलं, शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला आणि पुढे शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं. ज्यांनी हॅम्लेट या वाटेने बघितला-वाचलाय त्यांनी किडचा हिरॉनिमोही जरूर वाचावा, भूत, वेड, लांबत जाणारा सूड आणि नाटकातलं नाटक, सगळं तिथे आधीच आहे, फक्त तिथे बापासाठी मुलगा नाही तर मुलासाठी बाप उभा आहे.