पादबंधन, चीनमधील

पादबंधन : (चिनी नाव चान-त्सू). लहान मुलींची पावले कापडी पट्ट्यांनी आवळून त्यांची वाढ रोखण्याची चीनमधील जुनी प्रथा. सुंग राजवंशाच्या काळात (९६०–१२७९) ती उच्च थरातील घराण्यांत रुजली, मिंग व चिंग राजवटींत सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडीत निघाली.

उगम : याविषयी मतभेद आहेत. सर्वांत प्रचलित आख्यायिका दक्षिण तांग राज्याचा शेवटचा राजा ली यू (कार. ९६१–७५) याच्या दरबारातील आहे. याव न्यांग नावाच्या नर्तकीने पावले रेशमी पट्ट्यांनी चंद्रकोरीसारखी बांधली व सोन्याच्या सहा फुटी कमळावर नृत्य केले. तिचे अनुकरण होऊन प्रथा पसरली, असे सांगतात. ज्या टिपणांतून ही कथा मिळते ती मात्र बऱ्याच नंतरची आहेत. शिवाय नाचापुरते पाऊल बांधणे वेगळे आणि कोवळ्या वयात ते कायमचे आखडून टाकणे वेगळे. अधू पावलांनी नर्तकीचे चालले नसते.

दुसरी कथा याहून जुनी. दक्षिण छी राज्याच्या एका राजाने (कार. ४९८–५०१) फान नावाच्या आपल्या प्रिय राणीसाठी जमिनीवर सुवर्णकमळे अंथरली आणि तिच्या पावलागणिक कमळ उमलते, असे उद्गार काढले. बांधलेल्या पावलांना पुढे ‘सुवर्णकमळ’ म्हणू लागले ते यावरूनच. येथे पाय बांधल्याचा उल्लेख नाही. पावलाखाली कमळ उमलण्याची कल्पना मृगीपोटी जन्मलेल्या पद्मावतीच्या बौद्ध कथेतून, म्हणजे भारतातून, चीनमध्ये गेली असावी.

बाराव्या शतकातील लेखक चांग पांगची याने ही प्रथा अलीकडची असून पूर्वीच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाही, असे नमूद केले आहे. उत्खननांतील पुरावाही याच मताला अनुकूल आहे. फूचौ येथील ह्वांग शंग (मृ. १२४३) या सतरा वर्षांच्या विवाहितेच्या थडग्यात १३ ते १४ सेंमी. लांबीचे, जेमतेम ५ सेंमी. रुंदीचे जोडे मिळाले. तिचे वडील वरिष्ठ अधिकारी, तर पती राजकुळातील होता. च्यांगशी प्रांतातील तआन येथे १२७४ मधील थडग्यात आढळलेले जोडे मात्र सु. १८ ते २२ सेंमी. लांब आहेत. त्यामुळे सुंग काळात पाऊल प्रामुख्याने निमुळते केले जाई, चार बोटे तळव्याखाली दुमडून, कमान वाकवून टाच चवड्याकडे ओढण्याची व तीन चिनी इंच (सु. १० सेंमी.) पावलाचा आदर्श मानण्याची तऱ्हा नंतरची, हे इतिहासकार डॉरथी को यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

सामाजिक संदर्भ : छापील ग्रंथ आणि राजसेवा परीक्षा यांमुळे सुंग काळात विद्वान-अधिकाऱ्यांचा वर्ग विस्तारला. सोयरीक प्रतिष्ठेची ठरली आणि मुलींना भारी स्त्रीधन देण्याची चढाओढ लागली. पादबंधन याच वर्गात रुजले. तत्त्वज्ञ चू शी याने त्याचा पुरस्कार केल्याची कथा बहुधा उत्तरकालीन आहे. चू शीच्याच परंपरेतील छ र्वो-श्वे याने तेराव्या शतकात, निरपराध चिमुरड्यांना असे अपार दुःख देऊन साधते काय, असा सवाल केला होता. ग्रामीण स्त्रियांविषयी सुंगकालीन साधने जवळजवळ मूक आहेत. पुढील काळात घरबसल्या सूतकताई व विणकाम करून घेण्यासाठी मुलींचे पाय बांधले जात, असे काही अभ्यासक मानतात.

शासन : ही प्रथा राजाज्ञेने सुरू झाली नाही. चिंग राज्यकर्ते मांचू होते आणि मांचू स्त्रिया पाय बांधीत नसत. चिंग शासनाने १६६४ मध्ये घातलेली बंदी १६६८ मध्ये मागे घेतली. राजमाता त्सशी हिने १९०२ मध्ये प्रथा सोडण्याचे आवाहन करणारा फतवा काढला. प्रजासत्ताकाने १९१२ मध्ये बंदी घातली, तरी दूरच्या खेड्यांत ती पुढे काही दशके टिकून होती.