महाभियोग खटल्यातील सरन्यायाधीश, अमेरिका

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावर प्रतिनिधिगृहाने दोषारोप ठेवले की खटला सिनेटपुढे चालतो आणि अध्यक्षस्थानी देशाचे सरन्यायाधीश बसतात. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील तिसऱ्या कलमाची ही तरतूद. एरवी ते आसन उपराष्ट्राध्यक्षाचे. पण राष्ट्राध्यक्ष पदावरून गेला तर त्याची खुर्ची उपराष्ट्राध्यक्षालाच मिळणार, म्हणून त्याला बाजूला ठेवले आहे. (भारतात अनुच्छेद 61 नुसार एक सभागृह दोषारोप ठेवते, दुसरे चौकशी करते, न्यायाधीशाला त्यात असे स्थान नाही.)

सरन्यायाधीश आधी स्वतः निःपक्षपातीपणाची शपथ घेतात, मग सिनेटरांना देतात. पुरावा ग्राह्य आहे का, हरकत योग्य आहे का, यावर ते निर्णय देतात किंवा प्रश्न सरळ सभागृहापुढे मतास टाकतात. मात्र एखाद्या सिनेटरने मतदान मागितले, की साध्या बहुमताने त्यांचा निर्णय फिरू शकतो. न्यायालय म्हणजे सिनेट. सरन्यायाधीश तिचे कामकाज चालवतात. दोषसिद्धीला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात आणि त्या मतदानात त्यांना मत नसते.

खरा वाद समसमान मतांचा. 1868 मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या खटल्यात सरन्यायाधीश सॅल्मन चेस यांनी कामकाजाच्या प्रश्नांवर दोनदा निर्णायक मत दिले. त्यांना हा अधिकारच नाही, असे ठरवून घेण्याचा विरोधकांचा प्रयत्न फसला. 2020 मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी उलट भूमिका घेतली: निवडून न आलेल्या, शासनाच्या दुसऱ्या शाखेतल्या माणसाने निकाल फिरवू नये, बरोबरी झाली तर प्रस्ताव पडला. त्यामुळे चेस यांचा पायंडा आजही अधांतरीच आहे.

बारीकसारीक अधिकार मात्र कमी नाहीत. 1999 मध्ये क्लिंटन खटल्यात सिनेटरांना ‘ज्युरी’ म्हणण्यावर हरकत आली, ती सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी मान्य केली. सिनेटरांचे प्रश्न लेखी येतात आणि पीठासीन अधिकारी ते वाचून दाखवतात. 2020 मध्ये रॉबर्ट्स यांनी सिनेटर रँड पॉल यांचा प्रश्न वाचायलाच नकार दिला. त्यात कथित जागल्याचे (गैरप्रकार उघड करणाऱ्याचे) नाव होते.

घटनेतली फट 2021 मध्ये उघडी पडली. ट्रम्प यांचा दुसरा खटला उभा राहिला तेव्हा ते पदावर नव्हते. रॉबर्ट्स आले नाहीत. सिनेटचे हंगामी अध्यक्ष पॅट्रिक लेही आसनावर बसले. ते स्वतः सिनेटर, म्हणून त्यांनी मतही दिले. निकाल 57 विरुद्ध 43 लागला. दोषसिद्धीला 67 मते हवी होती.