लाजवर्द आणि निळीची पुडी

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत राशीचे खडे विकणारं एक छोटं दुकान आहे. आईबरोबर तिथून जाताना काचेखाली एक गडद निळा खडा दिसला, अंगावर सोनेरी ठिपके. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘लाजवर्त’. ‘‘लॅपिस म्हणतात ताई याला, शनीचं उपरत्न,’’ दुकानदार म्हणाला. आईने चष्मा सावरून पाहिलं. ‘‘अगं, हा तर निळीच्या पुडीचा रंग!’’ दुकानदाराला ते काही रुचलं नाही. पण रसायनशास्त्राला विचारलं, तर आईचंच खरं.

आधी नाव. चिठ्ठीवरच्या ‘लाजवर्त’चं मूळ रूप लाजवर्द, हा फारसी शब्द. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो मुळात रंगाचा नव्हे, जागेचा शब्द आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये, कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संगच्या खाणींतून हा दगड हजारो वर्षं निघतोय. त्या मुलखातल्या जागेचं नाव दगडाला पडलं आणि दगडाचं रंगाला. आपल्याकडे तो आला तेव्हा संस्कृत पंडितांनी त्याला ‘राजावर्त’ असा भरजरी पोशाख चढवला. पश्चिमेकडे अरबीतून जाताना मात्र गंमत झाली. सुरुवातीचा ‘ल’ हा तिथल्या भाषांमधला उपपद समजून लोकांनी तो टाकूनच दिला आणि उरला ‘अझूर’, म्हणजे तिकडचा निळा. आपल्या नारिंगाचंही तसंच झालं. सुरुवातीचा ‘न’ वाटेत गळला आणि ‘ऑरेंज’ होऊन ते परत आपल्याच फळवाल्यांच्या तोंडी आलं.

या एका शब्दावर पुढे खनिजशास्त्रज्ञांनी इतकी नावं बेतली की विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते. ॲझुराइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. लॅझुलाइट म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट. आणि लॅझुराइट हे लाजवर्दाला निळं करणारं खनिज. तिघं निळे, आडनाव एकच, पण रक्ताचं नातं शून्य. शिवाय दुकानातला लाजवर्त हे एक खनिज नव्हेच. तो अनेक खनिजांचा खडक असतो. निळं ते लॅझुराइट, पांढऱ्या रेषा कॅल्साइटच्या, आणि ज्यांना गिऱ्हाईक सोनं समजतं ते ठिपके पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाचे.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लाजवर्द सापडत नाही. तरी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत त्याची पूड आहे. बाकीचे रंग बहुतेक आसपासच्या मातीचे, हा एकटा परदेशी पाहुणा.

या निळाईचं कारण तांबं नाही, कोबाल्टही नाही. ते आहे पिवळं गंधक! लॅझुराइटमध्ये ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून सूक्ष्म पिंजरे बनवतात. आत गंधकाचे तीन अणू एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन अडकलेले असतात. हे त्रिकूट प्रकाशातला नारिंगी-पिवळा भाग गिळतं आणि डोळ्यांपर्यंत निळा पोचतो. आम्ल पडलं की पिंजरा मोडतो, निळाई जाते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

युरोपातल्या चित्रकारांना ही पूड समुद्रापलीकडून येई म्हणून तिचं नाव ‘अल्ट्रामरीन’, अर्थ ‘समुद्रापलीकडची’. ती इतकी महाग होती की १८२४ साली फ्रान्समध्ये स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस लागलं. अट अशी की किलोला ३०० फ्रँकपेक्षा जास्त खर्च येता कामा नये. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळालं. कृती ऐकली तर स्वयंपाकासारखी वाटते: चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र करून हवा न लागू देता भट्टीत तापवायचं, मग हवा द्यायची. पिंजरा तोच, त्रिकूट तेच.

हीच पूड पुढे स्वस्त होऊन धुण्याच्या बादलीत आली. आपल्या भाषेने तिला नवं नाव दिलंच नाही. नीळ म्हणजे खरं तर नीळीच्या झुडपाच्या पानांतून काढलेला रंग. पण पुडीत खनिज आलं तरी नाव झुडपाचंच राहिलं. जुनं पांढरं कापड पिवळट दिसतं, कारण ते निळा प्रकाश कमी परतवतं. धाग्यांत अडकलेले निळीचे कण उरलेल्या पिवळ्याला थोडं खातात आणि डोळ्यांना कापड पांढरं भासतं. डाग निघालेला नसतो, नजरेची समजूत काढलेली असते. (बाटलीतली पातळ नीळ मात्र सहसा वेगळ्याच कृत्रिम रंगाची असते, तिचा लाजवर्दाशी संबंध नाही.)

ही पूड पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच नौपाड्याच्या चाळीत आई निळीची फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि बादलीत फिरवायची, नाहीतर बाबांच्या सदऱ्यावर निळे ठिपके ठरलेले. धुणं पिळून होईपर्यंत बादलीच्या तळाशी निळा गाळ बसलेला असे. आई तो हाताने ढवळून मोरीत ओतून द्यायची.