स्कूबा रेग्युलेटर व त्याचे सुटे भाग : विक्रीवरील प्रादेशिक निर्बंध

पाणबुड्याला सिलिंडरमधील हवा श्वसनयोग्य दाबाने पुरविणारे रेग्युलेटर आणि त्याच्या दुरुस्तीस लागणारे सुटे भाग कोणत्या देशात, कोणत्या विक्रेत्यामार्फत आणि कोणत्या ग्राहकाला विकले जावेत, यावर घातलेल्या मर्यादांचा समूह. यांतील बहुतेक मर्यादा कराराने येतात : उत्पादक विक्रेत्याला ठरावीक प्रदेश नेमून देतो, त्याबाहेर माल पाठविण्यास मनाई करतो, दुरुस्तीचे संच फक्त प्रशिक्षित तंत्रज्ञ असलेल्या अधिकृत केंद्रांना देतो आणि वॉरंटी खरेदीच्या प्रदेशापुरती मर्यादित ठेवतो. थोड्या मर्यादा तांत्रिक मानकांमुळे, तर अगदी मोजक्या शासकीय निर्यातबंदीमुळे येतात.

आजच्या प्रचलित रेग्युलेटरमध्ये दाब दोन टप्प्यांत उतरतो. सिलिंडरमधील २०० बार किंवा अधिक दाबाची हवा पहिल्या टप्प्यात भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक अशा मध्यम दाबावर येते आणि तोंडाशी असलेल्या दुसऱ्या टप्प्यातून ती भोवतालच्याच दाबाने, श्वास ओढला जाईल तेवढीच मिळते. निर्बंधांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पहिल्या टप्प्यातील एक लहानसा भाग, उच्च दाबाची सीट. हा कठीण प्लॅस्टिकचा तुकडा धातूच्या धारदार कडेवर टेकून हवा अडवतो. वापराने त्यावर त्या कडेचा गोल वण उमटतो. वण खोल झाला किंवा चिरला की हवा झिरपते, मध्यम दाब ठरल्या आकड्यावर न थांबता मापकावर हळूहळू चढत राहतो आणि शेवटी दुसऱ्या टप्प्यातून आपोआप हवा सुटू लागते. दुरुस्तीच्या संचातील ओ-रिंगा बहुतांशी प्रमाणित मापांच्या असतात. माप आणि रबराचा प्रकार ठाऊक असल्यास त्या औद्योगिक सामानाच्या दुकानातही मिळतात. सीट मात्र त्या त्या उत्पादकाच्या घडणीनुसारच बनते. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुरुस्ती, असा हा व्यवहार आहे. ऑक्सिजनचे प्रमाण वाढविलेल्या मिश्रणासाठी लागणाऱ्या विशेष रबराच्या रिंगा आणि फ्लोरिनयुक्त ग्रीस यांनाही काही अंशी हेच लागू पडते.

उगम : या निर्बंधांच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार त्यांचे मूळ पेटंटाच्या परवान्यांत आहे. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या रेग्युलेटरचे हक्क एअर लिक्विड या वायू-उत्पादक कंपनीच्या छत्राखाली राहिले आणि त्याच्या उत्पादनासाठी १९४६ मध्ये ला स्पिरोतेक्निक ही कंपनी निघाली. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत उपकरण आडव्या स्थितीत ठीक चालले. परंतु पाणबुडा उभा राहिला की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड होई. उच्छ्वासाचे तोंड रेग्युलेटरच्या पडद्यापासून दूर असल्याने दोहोंवरील पाण्याच्या दाबात फरक पडत होता. ते तोंड पडद्याच्या शेजारी आणल्यावर दोष दूर झाला. १९४९ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटातही या मांडणीला महत्त्वाचे स्थान आहे.

पेटंट हा हक्कच मुळी देशागणिक वेगळा असल्याने त्याचे परवानेही देशागणिक वाटले गेले. ब्रिटनमध्ये तो सीब गॉर्मन या पाणबुड्यांचे साहित्य बनविणाऱ्या जुन्या कंपनीकडे गेला. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील क्रीडासाहित्याचे व्यापारी रने बुसोझ यांनी आयात सुरू केली आणि त्यांच्या व्यवसायातून यू. एस. डायव्हर्स ही कंपनी उभी राहिली. पुढे ती फ्रेंच कंपनीकडे गेली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ‘पॉर्पॉइज’ हे एका नळीचे रेग्युलेटर बाजारात आणले. कुस्तो-गान्यां यांच्या दोन नळ्यांच्या मांडणीवरील पेटंटाची अडचण टाळण्यासाठी त्यांनी ही रचना योजल्याचे सांगितले जाते. ते श्रेय पूर्णतः पेटंटाला द्यावे की एल्ड्रेड यांच्या कल्पकतेला, हा प्रश्न उरतो. तरी त्यांचा व्यवसाय पुढे एअर लिक्विडनेच विकत घेतला, ही गोष्ट पहिल्या मताला पुष्टी देणारी आहे.

या संदर्भात रेग्युलेटरच्या जनकत्वाचा वादही दृष्टीआड करता येत नाही. मागणीनुसार हवा देणारी झडप फ्रान्समध्येच बन्वा रुकेरोल आणि ऑग्युस्त दनेरुझ यांनी १८६० च्या दशकात वापरली होती आणि झॉर्झ कोमेन यांचे अशाच तत्त्वावरील उपकरण कुस्तो-गान्यां यांच्या आधीचे आहे. कोमेन १९४४ मध्ये युद्धात मारले गेले आणि त्यांचे काम मागे पडले. ईव्ह ल प्रिअर यांच्या उपकरणात हवा हाताने सोडावी लागत असे, म्हणून त्यांना या मालिकेत गणणे तितकेसे योग्य नाही. मूळ तत्त्व इतके जुने असल्यामुळे कुस्तो-गान्यां यांचा हक्क विशिष्ट मांडणीपुरताच टिकणारा होता आणि प्रतिस्पर्ध्यांना वाट काढता आली ती त्यामुळेच.

दुसऱ्या मतानुसार निर्बंधांचे खरे कारण उत्पादकाचे दायित्व हे आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ग्रीनमन विरुद्ध यूबा पॉवर प्रॉडक्ट्स या खटल्यात सदोष वस्तूबद्दल निष्काळजीपणा सिद्ध न करताही उत्पादकाला जबाबदार धरले आणि हे तत्त्व अमेरिकेत झपाट्याने पसरले. कोणीतरी घरी उघडून जोडलेल्या रेग्युलेटरमुळे मृत्यू झाल्यास दावा आपल्यावर येईल, या धास्तीने उत्पादकांनी सुटे भाग आखडते घेतले, अशी ही मांडणी आहे. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्यापेक्षा ती दोन वेगळ्या निर्बंधांना लावणे अधिक सयुक्तिक दिसते. प्रदेशांची वाटणी दायित्वाच्या कायद्याहून जुनी असून ती पेटंटांतूनच आली असावी. अमेरिकी पेटंटाची १७ वर्षांची मुदत १९६० च्या दशकाच्या मध्यास संपल्यावरही ती ट्रेडमार्क आणि वितरण करारांच्या आधाराने चालू राहिली. सुट्या भागांवरील बंधन मात्र नंतरचे असून त्यात दायित्वाइतकाच विक्रेत्यांच्या हिताचाही वाटा असावा. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या स्कूबाप्रोसारख्या कंपन्यांनी सर्वसाधारण क्रीडासाहित्याची दुकाने वगळून केवळ पाणबुड्यांच्या साहित्याच्या व्यावसायिक दुकानांमार्फत विक्री करण्याचे धोरण ठेवले आणि अशा दुकानांच्या उत्पन्नात वार्षिक सर्व्हिसिंगला मोठे स्थान होते.

सुट्या भागांवरील बंधनाच्या समर्थनार्थ केला जाणारा सुरक्षिततेचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही, परंतु तो जितका ठामपणे मांडला जातो तितका भक्कमही नाही. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मनोरंजनासाठी पाण्याखाली जाणाऱ्या पाणबुड्यांच्या ९४७ मृत्यूंच्या अभ्यासात कारण ठरविता आलेल्या घटनांपैकी ४१ टक्के घटनांची सुरुवात हवा संपण्याने, २० टक्क्यांची अडकून पडण्याने, तर १५ टक्क्यांची उपकरणातील अडचणींनी झाल्याचे आढळले. या १५ टक्क्यांतही तरंगक्षमता राखणारे जाकीट व अन्य साहित्य, तसेच उपकरणांचा चुकीचा वापर यांचा समावेश आहे.

अमेरिका : विक्रेत्याला प्रदेश बांधून देणे १९६७ च्या श्विन खटल्यानंतर अमेरिकेत बहुतांशी आपोआप बेकायदा ठरत होते. १९७७ च्या कॉन्टिनेंटल टी. व्ही. विरुद्ध जीटीई सिल्व्हेनिया निकालाने ते बदलून प्रत्येक निर्बंध स्पर्धेवरील परिणामाच्या कसोटीवर तपासण्याचा दंडक घातला. किमान विक्रीकिमतीच्या बाबतीत हीच कसोटी २००७ च्या लीजिन निकालाने लागू झाली. परदेशी स्वस्त मिळालेला अस्सल माल अधिकृत साखळीबाहेरून आणण्याला, म्हणजे ग्रे मार्केटला, रोखण्यासाठी ट्रेडमार्कधारकाला आयात माल देशांतर्गत मालापेक्षा महत्त्वाच्या बाबतीत भिन्न असल्याचे दाखवावे लागते. वॉरंटी नसणे हाही असा फरक ठरू शकतो. पेटंटाचा आधार २०१७ च्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क निकालाने जवळपास संपला, कारण परदेशात विकलेल्या वस्तूवरही पेटंटहक्क उरत नाही असे त्यात ठरले. सुट्या भागांच्या बाबतीत १९९२ चा ईस्टमन कोडॅक विरुद्ध इमेज टेक्निकल सर्व्हिसेस हा निकाल आधारभूत आहे : मूळ यंत्राच्या बाजारात मक्तेदारी नसली तरी त्याच्या सुट्या भागांच्या बाजारात ती असू शकते. वॉरंटीसाठी विशिष्ट कंपनीचेच भाग वा सेवा घेण्याची सक्ती १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा सामान्यतः मना करतो. हे भाग वा सेवा विनामूल्य दिल्यास मात्र त्याला आक्षेप नसतो. वार्षिक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात केल्यास आजीवन मोफत सुटे भाग, ही योजना या चौकटीत बसते. मजुरी अर्थातच ग्राहकाने द्यायची असते.

युरोप : एकसंध बाजारपेठ हे उद्दिष्ट असल्याने युरोपीय कायदा प्रादेशिक निर्बंधांकडे अधिक कठोरपणे पाहतो. १९६६ च्या कॉन्स्टेन व ग्रुंडिग निकालाने एका विक्रेत्याला प्रदेशात संपूर्ण संरक्षण देणे अवैध ठरविले. स्वतःहून चालून आलेल्या परदेशी ग्राहकाला माल देण्यास विक्रेत्याला मनाई करता येत नाही. हाच नियम वितरण करारांविषयीच्या, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या विनियमातही कायम आहे. ३ डिसेंबर २०१८ पासून ग्राहकाच्या देशावरून ऑनलाइन खरेदी नाकारण्यावरही बंधने आली. मात्र ही मोकळीक युरोपच्या आतली आहे. १९९८ च्या सिल्हुएट निकालानुसार युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर विकलेला माल ट्रेडमार्कधारकाच्या संमतीशिवाय आत आणता येत नाही. सुट्या भागांविषयी जवळचे उदाहरण स्विस घड्याळांचे आहे : स्वतंत्र दुरुस्तीकारांना भाग नाकारण्याच्या धोरणाविरुद्धची तक्रार युरोपीय आयोगाने दुसऱ्यांदा फेटाळली आणि २०१७ मध्ये जनरल कोर्टाने तो निर्णय उचलून धरला.

मानकांमुळेही बाजार विभागले जातात. युरोपात रेग्युलेटर हे व्यक्तिगत संरक्षक साधन समजले जाते आणि ते ‘ईएन २५०’ या मानकाला उतरावे लागते. त्यानुसार ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वसनाच्या वेगाने, श्वसनकार्य (श्वास घेण्या-सोडण्यास लागणारी ऊर्जा) लिटरमागे ३ जूलपेक्षा अधिक असता कामा नये. थंड पाण्याची चाचणी ४ अंश सेल्सिअसला होते आणि ती न दिलेल्या रेग्युलेटरवर १० अंशांहून अधिक तापमानासाठीच असल्याची खूण असते. वाढीव ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी युरोपात ‘एम २६ × २’ आट्यांची जोडणी मानकात आहे. अन्यत्र त्यासाठी नेहमीची योक (झडपेभोवती कडी बसवून आवळायची) किंवा ‘जी ५/८’ आट्यांची डिन जोडणीच चालते. त्यामुळे एकाच रेग्युलेटरच्या प्रदेशानुसार वेगळ्या आवृत्त्या निघतात. युरोपीय संघाच्या २०२४ च्या दुरुस्तीविषयक निदेशातील वस्तूंच्या यादीत रेग्युलेटर नाही.

भारत : मालवण, तारकर्ली, गोव्याचे ग्रांद बेट, नेत्राणी आणि अंदमान येथील केंद्रांमुळे भारतात या साहित्याला मागणी आहे व ती प्रामुख्याने आयातीतून भागते. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ (४) मध्ये अनन्य वितरण, पुरवठ्यास नकार आणि विक्रीकिंमत बांधून देणे या करारांचा परामर्श घेतला आहे. स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम होत असेल तरच ते निषिद्ध ठरतात. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ मोटार उत्पादकांना एकूण २,५४४.६४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. खुल्या बाजारात भाग विकल्यास ग्राहकांची सुरक्षितता धोक्यात येईल, हा उत्पादकांचा बचाव आयोगाने मान्य केला नाही, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. समांतर आयातीविषयी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग या प्रकरणात उदार भूमिका घेतली : परदेशात कायदेशीरपणे विकत घेतलेला अस्सल माल येथे विकता येतो, मात्र वॉरंटी आपली आहे, उत्पादकाची नव्हे, हे विक्रेत्याने ठळकपणे सांगावे लागते. केंद्र शासनाच्या ‘राइट टू रिपेअर’ उपक्रमात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक साधने, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे निवडली आहेत. रेग्युलेटर ज्याला जोडायचे त्या सिलिंडरला व त्याच्या झडपेला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची मंजुरी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या स्फोटक व दाबाखालील वायूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेकडून घ्यावी लागते.

शासकीय निर्यातनिर्बंध : उच्छ्वास पाण्यात सोडून देणारे नेहमीचे रेग्युलेटर वासेनार व्यवस्थेच्या (शस्त्रे व लष्करी उपयोगही होऊ शकणाऱ्या वस्तूंच्या निर्यातीवरील नियंत्रणासाठी देशांनी केलेल्या समझोत्याच्या) नियंत्रित यादीत नाही, बंद व अर्धबंद परिपथाची, उच्छ्वासातील वायू पुन्हा वापरणारी उपकरणे मात्र तीत आहेत आणि २०१७ मध्ये व्यवस्थेत सामील झालेल्या भारताच्या ‘स्कोमेट’ या निर्यातनियंत्रित वस्तूंच्या यादीत तिचा अंतर्भाव आहे. साध्या रेग्युलेटरवर बंदी येते ती वेगळ्याच शीर्षाखाली : उत्तर कोरियाविरुद्धच्या युरोपीय निर्बंधांत स्कीइंग, गोल्फ, डायव्हिंग व जलक्रीडा यांचे साहित्य चैनीच्या वस्तूंमध्ये धरले आहे.