सेवा पाळकाची, आपण फक्त बाकावर?

‘आजाऱ्याला भेटणं, प्रार्थना करणं, शोकाकुल घरी जाणं हे पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) काम. त्यासाठीच त्यांना नेमलंय ना?’ ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांमध्ये, हा समज इतका मुरलाय की त्याला बायबलचाच आधार आहे असं वाटतं. तसा तो नाही.

गोंधळाचं एक कारण गमतीशीर आहे: एक स्वल्पविराम. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या ४:११-१२ मध्ये पाळक व शिक्षक कशासाठी दिले ते सांगितलंय. १६११च्या इंग्रजी भाषांतरात ‘पवित्र जनांना सिद्ध करणे’ (म्हणजे मंडळीतल्या सर्व विश्वासणाऱ्यांना तयार करणे) यानंतर स्वल्पविराम पडला आणि ‘सेवेचे कार्य’ हे पाळकाचं वेगळं काम वाटू लागलं. आजची बहुतेक भाषांतरं तो काढतात. म्हणजे पाळकाने पवित्र जनांना सिद्ध करायचं, आणि सेवा त्या जनांनी करायची. ‘सिद्ध करणे’साठी इथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचंच क्रियापद मार्क १:१९ मध्ये याकोब व योहान जाळी नीट करत होते तिथे येतं. तुटलेले धागे सांधून जाळं पुन्हा कामाला लावायचं. मासे मात्र जाळ्यानेच धरायचे!

आजाऱ्याचं म्हणाल तर याकोब ५:१४ सांगतं, मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवा. अनेकवचन आहे ते, एकटा पाळक नव्हे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकूर झाली, तेव्हा प्रेषितांनी (येशूच्या प्रमुख शिष्यांनी) ती जबाबदारी सात जणांवर सोपवली. निवडले मात्र मंडळीनेच.

यावरून पाळकाने घरी यायचंच नाही, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. तो येईलच. पण शेजारच्या बाकावरची व्यक्ती तीन रविवार दिसली नाही, हे आधी आपल्याला कळतं.