‘भोवणे’: चक्कर मारून येणारी शिक्षा

‘निष्काळजीपणा भोवला’, ‘बढाई भोवली’. दोनच शब्द, पण त्यांत आधी केलेली कृती, मधला काळ आणि शेवटी बसलेला दणका हे तिन्ही आलं. शिक्षा देणारा तेवढा कुठे दिसत नाही.

त्याचं कारण शब्दाच्या मुळाशी आहे. भोवणे हा संस्कृत ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे या धातूवरून आलेला. प्राकृतात ‘भ्र’चा ‘भ’ झाला, आणि मराठीत येताना दोन स्वरांमधला ‘म’ नाकातल्या ‘व’मध्ये बदलला. ग्रामचं गांव, नामचं नांव आणि आमलकाचा आंवळा झाला तो याच वाटेने. म्हणून जुनं लेखन ‘भोंवणें’ असं. उच्चारात न उरलेले हे अनुस्वार 1962 च्या लेखननियमांनी गेले. भोवरा, भोवळ, भोवती ही त्याचीच भावंडं. मूळ अर्थ गोल फिरणे. केलेलं कर्म फेरी मारून कर्त्याच्याच अंगावर येतं, हा अर्थ त्यातून निघाला. उशीर लागतो तो त्या फेरीचा.

व्याकरणही तसंच. वाक्याचा कर्ता माणूस नसतो, त्याची करणी असते. माणूस ‘ला’ लावून बाजूला बसतो. ‘त्याला उतावळेपणा भोवला’, ‘तिला ती सही भोवली’, ‘त्यांना ते बोलणं भोवलं’. क्रियापद करणीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ‘तो चूक भोवतोय’ हे चूक. तिथे हवं ‘भोगतोय’. भोगणे ‘भुज्’पासूनचं, त्याचं कूळ वेगळं आणि त्यात सोसणारा माणूसच कर्ता.

शब्द बसतो का, हे पाहायला तीन प्रश्न पुरतात. कृती स्वतःची आहे का? पुरात घर गेलं तर फटका बसला. पूर भोवला नाही. मात्र नदीपात्रात घर बांधणं भोवू शकतं. मध्ये काळ गेला का? हातातला पेला सुटून लगेच फुटला, यात भोवण्यासारखं काही नाही. आणि कृतीत न उतरलेला नुसता गुण किंवा स्थिती आहे का? मग बहुधा ‘नडणे’ बरं: बुटक्या दारात उंची नडते, भोवत नाही.

खाल्लेलं मात्र ‘बाधतं’, आणि हा भेद मला फार नेमका वाटतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. गोड पाणी प्यायल्यानंतर बऱ्याच वेळाने मळमळ आणली, तरी उंदीर पुढे ती चव टाळत. विजेच्या झटक्याचा संबंध लागायला मात्र तो कृतीनंतर जवळजवळ लगेच बसावा लागतो. म्हणजे बाधण्यातला दुवा शरीर आपसूक जोडतं. भोवण्यातला दुवा कुणीतरी मागे वळून जोडावा लागतो, आणि बहुतेकदा तो बघणारेच जोडतात. त्यामुळे ‘त्याला प्रामाणिकपणा भोवला’ असंही म्हणता येतं. तिथे टोमणा माणसाला नसून भोवतालच्यांना असतो.

या अर्थाने ह्या क्रियापदाचं प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याच्या बाबतीत मुद्दाम घडवून आणण्याचं रूप, चालत नाही. ‘तुला हे भोवेल’ असा इशारा देता येतो, पण ‘मी तुला हे भोववीन’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘बघून घेईन’ म्हणतात.