ब्लॅडर स्नेल की पाँड स्नेल? माशांना खाऊ घालण्याआधी शंख नीट पाहा

पफर आणि लोच हे मासे गोगलगायींवर तुटून पडतात, आणि त्यांच्यासाठी गोगलगायी वाढवणं अजिबात अवघड नाही. घोळ होतो तो कोणती वाढवायची यात. पाणवनस्पतींबरोबर टाकीत आपसूक येणाऱ्या, तपकिरी, टोकदार शंखाच्या बारीक गोगलगायींना बहुतेक जण सरसकट पाँड स्नेल म्हणतात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या कुळांतल्या असू शकतात: फायसिडी कुळातली ब्लॅडर स्नेल, म्हणजे फायसेला ॲक्युटा, किंवा लिम्नेइडी कुळातली खरी पाँड स्नेल. खाद्यासाठी माझं मत स्पष्टपणे ब्लॅडर स्नेलच्या बाजूचं आहे, पण आधी ती ओळखता यायला हवी.

सगळ्यात भरवशाची खूण शंखाच्या वळणात आहे. शंखाचं निमुळतं टोक वर धरा आणि तोंड आपल्याकडे वळवा. तोंड डाव्या अंगाला आलं तर ब्लॅडर स्नेल, उजव्या अंगाला आलं तर पाँड स्नेल. पाँड स्नेलमध्ये क्वचित एखादी डाव्या वळणाची निघते, पण इतकी क्वचित की त्याची चिंता करू नये. फोटोवरून ओळखत असाल तर मात्र जपून: मोबाइलचा पुढचा कॅमेरा बऱ्याचदा चित्र उलटवतो आणि डावं-उजवं बदलून जातं.

पिल्लं इतकी लहान असतात की तोंडाची बाजू दिसत नाही. तेव्हा भिंग घेऊन स्पर्शिका पाहा. ब्लॅडर स्नेलच्या स्पर्शिका दोऱ्यासारख्या बारीक आणि लांब असतात, पाँड स्नेलच्या रुंद, चपट्या, त्रिकोणी. शंखातून दिसणाऱ्या पिवळसर ठिपक्यांवर विसंबू नका, ते पाँड स्नेलच्या काही जातींमध्येही असतात. अंडी दोघींचीही पारदर्शक जेलीत असतात, त्यामुळे नुसती अंडी पाहून खात्री होत नाही.

आता खाद्याच्या दृष्टीने पाहू. ब्लॅडर स्नेल पूर्ण वाढली तरी जेमतेम दीड सेंटिमीटर. पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर अंडी साधारण 7 ते 10 दिवसांत फुटतात आणि पिल्लं 6 ते 8 आठवड्यांत स्वतः अंडी घालू लागतात. जोडीदार नसला तरी एकटी गोगलगाय स्वफलनाने प्रजा वाढवू शकते. पाँड स्नेलही उभयलिंगी आहे, पण तिच्यातली मोठी जात, लिम्निया स्टॅग्नॅलिस, 5 सेंटिमीटरपर्यंत वाढते, उशिरा वयात येते आणि कोवळ्या वनस्पतींचा फडशा पाडते. पी पफर या सगळ्यात छोट्या पफरच्या इवल्या तोंडात ती कशी मावणार?

तरीही माझा खरा आक्षेप आकारावर नाही, परजीवींवर आहे. डिप्लोस्टोमम नावाच्या कृमीचा पहिला यजमान (म्हणजे ज्याच्या शरीरात तो वाढतो तो प्राणी) लिम्नेइडी कुळातली गोगलगाय, दुसरा मासा आणि शेवटचा मासे खाणारा पक्षी. गोगलगायीतून बाहेर पडलेल्या अळ्या माशाच्या त्वचेतून आत शिरतात, डोळ्याच्या भिंगात जाऊन बसतात, आणि मोतीबिंदू होऊन मासा आंधळा होऊ शकतो. म्हणजे तळ्यातून आणलेली पाँड स्नेल माशाने खाल्लीच पाहिजे असं नाही, ती टाकीत नुसती असली तरी धोका आहे. तळ्यातली ब्लॅडर स्नेलही निर्धोक नसते, तिच्यातही इतर कृमींच्या अळ्या वाढतात.

यावर उपाय साधा आहे. या अळ्या गोगलगायीच्या शरीरात वाढतात, अंड्यांमधून पुढच्या पिढीत जात नाहीत. म्हणून बाहेरून आणलेली गोगलगाय मुख्य टाकीत कधीच सोडू नका. तिला वेगळ्या भांड्यात अंडी घालू द्या, जेलीचा पुंजका अलगद सोडवून स्वच्छ पाण्यात धुवा आणि तिसऱ्या भांड्यात ठेवा. बंद टाकीत पक्षी येत नाही, त्यामुळे तिथे कृमीचं चक्र तुटलेलंच राहतं.

वाढवण्यासाठी 5-10 लिटरचं भांडं, क्लोरीन काढलेलं पाणी आणि हवेवर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. या गोगलगायी हवेत श्वास घेतात, म्हणून पाणी आणि झाकण यांत थोडी जागा सोडा. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर शंख पांढुरका पडून झिजतो. माकुळाचं हाड किंवा अंड्याच्या कवचाचे तुकडे टाकले की काम होतं. उकडलेली पालेभाजी आणि माशांचं कोरडं खाद्य त्या आवडीने खातात. उरलेलं रोज काढा, नाहीतर पाणी सडतं. तांबं असलेलं माशांचं औषध या भांड्याच्या आसपासही नको, त्याने सगळ्या मरतील.

एक मर्यादा सांगायला हवी. पफरचे दात आयुष्यभर वाढतात आणि कठीण कवच फोडून झिजतात. ब्लॅडर स्नेलचा शंख पातळ असतो, त्यामुळे मोठ्या पफरला नुसत्या त्यावर ठेवू नका, रॅम्सहॉर्नसारख्या जाड शंखाच्या गोगलगायीही द्या. पी पफरला मात्र त्याच्याच डोळ्याएवढी ब्लॅडर स्नेल द्यावी, एका वेळी दोन-तीनच. जास्त टाकल्या तर उरलेल्या फिल्टरच्या आड जाऊन अंडी घालतात.